बाबागाडी चालेल असा रस्ता हवा

सोलापुरात बाबागाडी विकत घेणारी घरं काही कमी नाहीत. लहान मुलांच्या कपड्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांत ती दाराशीच उभी असते. पुण्याला किंवा हैदराबादला राहणारी लेक बाळंतपणासाठी माहेरी येते आणि बारशाला कुणीतरी हौसेनं बाबागाडी देतं. पहिले चार दिवस बाळ तिच्यात बसून हॉलमध्ये फेऱ्या मारतं. मग ती गॅलरीत जाते, तिच्या दांडीवर दुपटी वाळत पडतात, आणि बाळ पाऊल टाकायला लागायच्या आत ती घडी होऊन माळ्यावर पोचते. बाहेर का नेत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "कुठं फिरवायची? रस्ता हाय का आपल्याकडं?"

उत्तर खरं आहे. मला खटकतं ते एवढंच की त्यात तक्रार करण्यासारखं काही आहे, असं ना सांगणाऱ्याला वाटतं ना ऐकणाऱ्याला. गाडी माळ्यावर टाकायची, बाळाला कडेवर घ्यायचं आणि निघायचं. बाळ कडेवर गेलं की रस्ता कसा का असेना, काम भागतं. फरशी फुटलेली असली, चेंबरचं झाकण वर आलेलं असलं, मुरमाचा ढीग पडलेला असला तरी बाई त्यातून वाट काढते. रस्त्यात जे कमी आहे ते तिची कंबर भरून काढते, आणि ती भरून काढते म्हणूनच कमी काय आहे ते कुणाच्या हिशेबात येत नाही. सोलापूरच्या रस्त्यांवर आपण पोटतिडकीनं बोलतो, खड्ड्यांवर बोलतो, धुळीवर बोलतो. पण बोलणारा बहुतेक वेळा गाडीवर बसलेला असतो. रस्ता झाला की नाही हे ठरवण्याचा मान आजवर मोटारीला मिळाला. तो आता बाबागाडीला द्यावा, असं माझं म्हणणं आहे. बाळ बसलेली बाबागाडी एका माणसाला, कुणाची मदत न घेता, जिथून ढकलत नेता येत नाही, तो रस्ता पूर्ण झाला असं महापालिकेनं म्हणू नये.

मी जुळे सोलापूर या उपनगरात राहते आणि संध्याकाळी नातीला बाबागाडीत घेऊन बाहेर पडते, म्हणून हे जवळून सांगू शकते. बाबागाडीची पुढची चाकं वीतभरसुद्धा नसतात आणि ती स्वतःभोवती फिरतात. सपाट जागेवर त्यामुळे गाडी एका हातानं वळते. पदपथाची कड समोर आली की मात्र सगळा खेळ बदलतो. दांडी खाली दाबून पुढची चाकं उचलायची, ती कडेवर टेकवायची, मग वाकून मागचा भाग उचलून वर ढकलायचा. तेवढा वेळ बाळ पट्ट्याला लोंबत असतं आणि दांडीला अडकवलेली पिशवी गाडीला मागं ओढत असते. वर चढून थोडं पुढं जावं तर गटारीवरच्या फरश्या लागतात. दोन फरश्यांमध्ये दोन बोटांची फट असते. फिरतं चाक नेमकं आडवं होऊन त्या फटीत उतरतं, गाडी जागच्या जागी थांबते आणि दांडी पोटात लागते. पुढं एखाद्या दुकानदारानं आपल्या गिऱ्हाइकांसाठी सिमेंटचा उतार पदपथाच्या मध्यापर्यंत आणलेला असतो, तोही एका अंगानं तिरका. त्यावरून जाताना गाडी कलते. तो ओलांडला की विजेचा डीपी, डीपीच्या पलीकडं वाढदिवसाच्या डिजिटल फलकाचे बांबू, बांबूंना टेकून लावलेल्या दुचाकी. मग परत खाली उतरायचं आणि वाहत्या रस्त्याच्या कडेनं चालायचं. या शहरात बाबागाडी कुठं दिसलीच तर ती अशी दिसते, पदपथ शेजारी असताना रस्त्यावर, मागून हॉर्न वाजत असताना.

कडेवर घेणं म्हणजे किती ओझं, हे एकदा आकड्यांत बघावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात वर्षाच्या मुलाचं मध्यम वजन ९.६ किलो आहे आणि मुलीचं ८.९ किलो. म्हणजे गव्हाच्या दहा किलोच्या पिशवीइतकं ओझं, आणि हे ओझं हलतं, वळतं, केस ओढतं, मध्येच झोपून जड होतं. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकाप्रमाणे दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि मग दीड वर्षाच्या सुमारास बाळाला केंद्रावर न्यावं लागतं. अंगणवाडीत वजन करायला न्यायचं असतं ते वेगळंच. यातल्या पहिल्या फेऱ्या बाईनं नुकतं बाळंतपण सोसलेलं असताना व्हायच्या असतात; त्यातल्या कितीतरी जणींच्या पोटावर शस्त्रक्रियेचे टाके असतात. जड उचलू नका, असं डॉक्टर सांगतात. पण दवाखान्यापासून घरापर्यंतचा रस्ता उचलूनच चालायचा असतो.

बाबागाडी हे श्रीमंतांचं खूळ आहे, असं अजूनही ऐकू येतं. तिचा जन्म श्रीमंताच्या घरी झाला हे खरं. इंग्लंडमध्ये १७३३ साली डेव्हनशायरच्या ड्यूकनं विल्यम केंट या वास्तुरचनाकाराकडून आपल्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी करून घेतली. तिला शेळी किंवा छोटं घोडं जुंपायची सोय होती. माणसानं मागून ढकलायच्या गाड्या लंडनमध्ये शंभरेक वर्षांनी, १८५० च्या दशकात रुळल्या, तेव्हाही ढकलणारे हात पगारी दाईचे असत. १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकानं बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडं किंवा पुढं, हवं तसं फिरवता येईल अशा गाडीचं पेटंट घेतलं. आणि १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्यानं अॅल्युमिनियमची घडी होणारी गाडी तयार केली. युद्धकाळात स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यानं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यानं पाहिलं की भेटायला आलेली आपली मुलगी बाळाच्या अवजड गाडीशी झगडते आहे, आणि त्यानं विमानातलं ज्ञान त्या गाडीला लावलं. त्याची गाडी जेमतेम २.७ किलोची होती. माहेरी आलेल्या मुलीचा त्रास बघून एका बापानं केलेली ही वस्तू आहे. तिथून ती कामगाराच्या घरात गेली, बसमध्ये चढली, चाळीच्या जिन्याखाली बसली. ड्यूकाच्या शेळीचा आणि तिचा आता काही संबंध उरलेला नाही.

इंग्रजी साहित्यात या गाडीनं केवढी तरी जागा अडवली आहे. ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' हे नाटक १८९५ साली रंगभूमीवर आलं. त्यातली मिस प्रिझम बाळाला बाबागाडीत घालून घरातून निघते आणि विसरभोळेपणात आपल्या कादंबरीचं हस्तलिखित गाडीत आणि बाळ हातातल्या बॅगेत ठेवते. जे. एम. बॅरीच्या 'पीटर पॅन'मधली हरवलेली मुलं तर बाबागाडीतूनच पडलेली आहेत. दाईचं लक्ष दुसरीकडं असताना ती पडतात आणि सात दिवसांत कुणी नेलं नाही तर दूर देशी पाठवली जातात. दोन्ही ठिकाणी गंमत ढकलणाऱ्या बाईच्या दुर्लक्षावर उभी आहे. मला मात्र त्या दुर्लक्षाखालचा रस्ता दिसतो. बाबागाडी ढकलताना मनात कादंबरी घोळवता येते, दुसरीकडं बघता येतं, याचा अर्थ पायाखालची जमीन तितकी सरळ आहे. त्या लेखकांना ती जमीन लिहावी लागली नाही. आमच्या रस्त्यावर मिस प्रिझमला चार पावलंसुद्धा विसरभोळं राहता आलं नसतं.

आपल्या जुन्या साहित्यात मूल आणि गाडी जवळजवळ येतात तेव्हा रस्ता आणि कामाचा रगाडा ही दोन्ही सोबत येतात. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' घ्या. देवलांच्या संगीत नाटकामुळं ते मराठी घरांत पोचलेलं आहे. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, मातीच्या गाडीनं त्याचं समाधान होत नाही, आणि वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत भरते. हा भाग सगळ्यांच्या लक्षात असतो. त्याच अंकात पुढं काय होतं ते आपण विसरतो. उज्जयिनीचा रस्ता खेड्यांतून आलेल्या गाड्यांनी तुंबतो. वसंतसेनेच्या मागं लागलेला राजाचा मेहुणा शकार, त्याचा गाडीवान स्थावरक आपली गाडी चारुदत्ताच्या बागेच्या दाराशी उभी करून एका अडकलेल्या चाकाला हात द्यायला जातो, आणि वसंतसेना ती आपल्यासाठीच आलेली समजून तिच्यात बसते. पुढचा सगळा अनर्थ, तिचा गळा आवळला जाण्यापर्यंतचा, एका तुंबलेल्या रस्त्यातून निघतो. नाटककारानं हे मुद्दाम रचलं आहे. रस्त्यावर काय अडकलं आहे यावरून माणसांचं नशीब फिरतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

भागवताच्या दशमस्कंधातली शकटाची गोष्ट मला याहून जवळची वाटते. घरात समारंभ आहे, यशोदा पाहुण्यांच्या सरबराईत गुंतली आहे, बाळकृष्णाला गाड्याखाली सावलीत निजवलं आहे. बाळ दुधासाठी रडतं, तिला ऐकू जात नाही, ते पाय झाडतं आणि गाडा उलथतो. कथेला हवा तो अर्थ आहेच. पण तिच्यात एक नेहमीची आईही आहे, जिचे दोन्ही हात कामात आहेत आणि बाळाला कुठंतरी ठेवावंच लागलं आहे.

आपल्या घरांनी त्या 'कुठंतरी'ची उत्तरं काढली. पाळणा झाला. जुन्या लुगड्याची किंवा चादरीची झोळी झाली. विणकरांच्या पूर्व भागातल्या किती घरांत मागाच्या आवाजात ती आजही हलते. चालायला लागलेल्या पोरासाठी लाकडी पांगुळगाडा झाला, त्याला तीन चाकंही लागली. ही सगळी सोय उंबऱ्याच्या आतली आहे. उंबरा ओलांडला की आईच्या अंगाशिवाय बाळाला जागा नाही. घराबाहेरची सोय घरानं करायची नसते, शहरानं करायची असते, आणि तिथंच ती खुंटली.

म्हणूनच बाबागाडीची खरी गरज कुणाला आहे, याबद्दल आपला अंदाज चुकतो. मोटार असलेल्या घराला तिच्यावाचून फारसं अडत नाही. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. वळलेला माल कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायचा, मोजून घ्यायचा, पुढच्या दिवसाचं पान आणि तंबाखू घेऊन परतायचं, हे त्यांचं रोजचं चालणं आहे. अशोक चौकाकडं किंवा विडी घरकुलाकडं सकाळी जाऊन बघा : एका हाताला पिशवी, दुसऱ्या कडेवर मूल, आणि मागं पदर धरून चालणारं दुसरं. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या छताखाली काम करणाऱ्या बायकांसाठी. घरी वळणारीला तिचा उपयोग नव्हता. या बाईला एक साधी, घडीची, मजबूत बाबागाडी मिळाली आणि ती चालवायला रस्ता मिळाला तर तिचा एक हात मोकळा होईल. मालाची पिशवी गाडीखालच्या जाळीत जाईल. मोठ्या मुलाचं बोट धरता येईल. ही चैन आहे असं मला कुणी पटवून द्यावं.

एक आक्षेप मी आदरानं ऐकते. तो घरातल्या मोठ्या बायकांकडून येतो. बाळाला आईच्या अंगाची ऊब हवी, गाडीत घालून दूर कशाला ठेवायचं? "कडेवर घे की, पोर काय जड झालं का तुला?" उबेचं म्हणणं बरोबर आहे. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून ठेवायची पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉक्टरांनी सुरू केली आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. आपल्या आज्यांना ते आधीपासून माहीत होतं. पण ऊब देणं आणि ओझं वाहणं या दोन गोष्टी आहेत. घरी, झाडाखाली, मंदिराच्या ओट्यावर बाळाला जवळ घ्यावं. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन भर दुपारी मैलभर चालताना त्याला कडेवर धरण्यात उबेपेक्षा घामच जास्त असतो. शिवाय ही ऊब द्यायची जबाबदारी फक्त बाईवर का येते, हाही प्रश्न आहे. माझ्या बघण्यात आलं आहे की जो बाप बाळाला कडेवर घेऊन बाजारात जायला संकोचतो, तो बाबागाडी मात्र आनंदानं ढकलतो. सासरेबुवांचंही तसंच आहे. चाकं आली की घरातले आणखी दोन हात कामाला लागतात. माझ्या मते बाबागाडीच्या बाजूनं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

आज ज्या घरात कडेवरचं ओझं नको असतं तिथं उत्तर म्हणून दुचाकी येते. नवरा चालवतो, बायको मागं आडवी बसते, बाळ दोघांच्या मध्ये. कधी मोठं मूल पुढं टाकीवर. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये यासाठी नियम काढला आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला : चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी पट्ट्यानं बांधायचं, नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला डोक्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा. नियम चांगला आहे. पाळताना मी जवळजवळ कुणाला बघितलेलं नाही. पण त्याहून महत्त्वाचं हे की अर्ध्या किलोमीटरवरच्या दवाखान्यासाठी बाळाला दुचाकीवर घालावं लागतं, कारण तेवढं अंतर चालवत नेण्याची सोय नाही. चालणं सोपं झालं असतं तर यातल्या निम्म्या फेऱ्यांना हेल्मेटची गरजच पडली नसती.

करायचं काय, हे नव्यानं शोधायला नको. इंडियन रोड्स काँग्रेसनं पादचाऱ्यांच्या सोयींसाठी २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी आणि जिथं रस्ता ओलांडायचा तिथं १:१२ चा उतार असावा, असं स्पष्ट सांगितलं आहे. १:१२ म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार, सुमारे सहा फूट. दुकानांपुढचे दीड-दोन फुटांचे सिमेंटचे उतार बघितले की अंतर कळतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून बंधन घालतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा पदपथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. स्मार्ट सिटी योजनेच्या जानेवारी २०१६ मधल्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचं नाव होतं. कायदा आहे, माप आहे, पैशाची एक मोठी संधीही येऊन गेली.

मग बाबागाडीच का, चाकाच्या खुर्चीचं नाव का घेऊ नये, असं कुणी विचारेल. खुर्चीचा हक्क आधीचा आहे आणि मोठा आहे. अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७० च्या दशकात पदपथांच्या कडा कापून उतार केले गेले ते खुर्चीतून फिरणाऱ्या माणसांनी लढून मिळवले, आणि त्यावरून बाबागाड्याही जाऊ लागल्या. आपल्याकडं खुर्चीवरचा माणूस घरातच राहतो. तो रस्त्यावर दिसत नाही म्हणून त्याच्यासाठी काही होत नाही, आणि काही होत नाही म्हणून तो दिसत नाही. बाळ मात्र प्रत्येक गल्लीत आहे, प्रत्येक नगरसेवकाच्या घरात आहे. बाळाच्या गाडीसाठी केलेल्या उतारावरून आजोबांचा वॉकर जाईल, खुर्ची जाईल, पाण्याचे जार नेणारी ढकलगाडी जाईल. सुरुवात बाळापासून केली तर विरोध करायला कुणाला तोंड उरणार नाही, असा माझा सरळ हिशेब आहे.

पदपथ मोकळे करायचे म्हटलं की पहिली गदा भाजीवालीवर येते. याला माझा विरोध आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना ठरवून जागा देता येते आणि दिली पाहिजे. टोपलीवाली थोडी सरकते, "या, न्या गाडी" म्हणते, बाळाला हातात एखादं गाजरही देते. उभी केलेली मोटार सरकत नाही. डिजिटलचा बांबू सरकत नाही. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून जलवाहिनीची कामं सतत निघतात आणि ती झालीच पाहिजेत. पण खोदलेला चर मुरूम टाकून तसाच सोडला की मोटारीचं चाक त्यावरून उडून जातं आणि बाबागाडीचं रुततं. ज्यानं खणलं त्यानं पूर्वीसारखं सपाट करून द्यावं, त्याशिवाय त्याचं बिल निघू नये.

जुन्या गावात उत्तर वेगळं लागेल. कापडबाजाराची चाटी गल्ली किंवा मधला मारुतीच्या आसपासच्या बोळांत १.८ मीटरचा पदपथ मावणार नाही आणि तिथं तो करूही नये. तिथं आधीपासून सगळे रस्त्याच्या मध्यातूनच चालतात. बाजाराच्या वेळेत दुचाकी बाहेर ठेवल्या आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत आणली, की तीच शहरातली बाबागाडीला सगळ्यात सोयीची जागा होईल. साडी निवडताना आईला बाळ कुणाच्या तरी हातात द्यावं लागणार नाही. सिद्धेश्वर यात्रेत, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत बाबागाडी नकोच. तिथं बाळाची जागा बापाच्या खांद्यावर आहे आणि ती तशीच राहो.

आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो. डांबराच्या जवळ, खाली बसलेल्या बाळाला ती धग मोठ्या माणसापेक्षा जास्त लागते. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी टाकून ती बंद करणं धोक्याचं आहे, कारण आत हवा खेळत नाही आणि गरमी वाढते. बालरोगतज्ज्ञ हे वारंवार सांगतात. छत पुढं ओढावं, बाजू मोकळ्या ठेवाव्यात, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघावं. पण शहरानंही सावली द्यायला हवी. रस्ता रुंद करताना कडुनिंब आधी जातो आणि त्याच्या जागी नंतर दुभाजकात शोभेची झुडपं येतात. दुभाजकात कुणी चालत नाही. झाड पदपथावर हवं, चालण्याची १.८ मीटर जागा सोडून.

महापालिकेकडं माझी मागणी साधी आहे. शहरातल्या २६ प्रभागांत प्रत्येकी एक वाट निवडावी, जी अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि भाजीबाजार यांना जोडते. ती सलग करावी, मध्ये एकही कड, फट किंवा खांब न ठेवता. ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी, ज्या अभियंत्याची सही होणार आहे त्यानं बाबागाडीत दहा किलोची पिशवी ठेवून, दुसरी पिशवी दांडीला अडकवून, ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्यानं चालून दाखवावी. सोबत त्या प्रभागातल्या दोन आया असाव्यात. जिथं गाडी उचलावी लागली तिथं खूण करावी आणि ती दुरुस्त झाल्यावर पुन्हा चालावं. याला वेगळं खातं लागत नाही, सल्लागार लागत नाही, आणि बाबागाडी तर प्रत्येक सोसायटीत एकदोघांच्या माळ्यावर पडलेली आहे.

पहिली वाट मात्र आमच्या जुळे सोलापुरात नको. इथं निदान रुंद रस्ते आहेत आणि बऱ्याच घरांत चारचाकी आहे. पहिली वाट विडी कामगारांच्या वस्तीतून शाखेपर्यंत आणि तिथून लसीकरणाच्या केंद्रापर्यंत व्हावी, आणि अभियंत्यानं ती सकाळी माल द्यायला बायका निघतात त्या वेळी चालावी.